बसायची तालीम

मला बसता येत नाही. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरंच येत नाही. घरी मी ताट हातात घेऊन ओट्याला टेकून जेवते. टीव्ही बघते ती दाराच्या चौकटीत उभी राहून. लग्नकार्यात कुणी खुर्ची पुढे केली तर थोड्याच वेळात मी वाढणाऱ्यांच्या मागे फिरताना दिसते. लेक चिडते. "आई, बस ना गं जरा, तुला बघूनच थकायला होतं," म्हणते. ती स्वतः दिवसभर बसून असते. शहराच्या पश्चिमेला त्या काचेच्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत तिची नोकरी. तिची खुर्ची वर-खाली होते, मागे झुकते, तिला चाकं आहेत, आणि एवढं सगळं असून पोरीची कंबर दुखते. डॉक्टरने तिला सांगितलं, अधूनमधून उठून उभी राहत जा. त्याच डॉक्टरने मला सांगितलं, अधूनमधून बसत जा. एकीला दात आहेत तर चणे नाहीत, दुसरीला चणे आहेत तर दात नाहीत, अशी आमच्या घराची गत आहे.

मी साड्या विकते. लग्नाआधीपासून तेच करत आले. सुरुवात केली ती हैदराबादला, बेगम बाजाराच्या अलीकडच्या एका गल्लीत, जुन्या शेठजींच्या दुकानात. त्या दुकानात खुर्ची नव्हती आणि काउंटरही नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी घातलेली आणि तिच्यावर पांढरी चादर. गिऱ्हाइकाने चपला पायरीशी काढायच्या नि गादीवर बसायचं. आम्ही विकणाऱ्यांनी तिच्यासमोर मांडी घालून बसायचं. साड्यांची थप्पी गुडघ्याशी. घडी मोडायची, पदर झटकून तिच्या पुढ्यात टाकायचा, काठ बोटांवर घेऊन उजेडाकडे धरायचा. तिथे बसणं हेच काम होतं. कुणी उभी दिसली की ती रिकामी आहे असं धरायचे. शेठजी लगेच ओरडायचे, "खडी कायकू है? काम नै क्या?"

माझे वडील गौलीगुड्याला बसच्या डेपोत मेकॅनिक होते. मी कामाला लागल्यावर एकदा ते दुकानाशी आले, पण आत आले नाहीत. पायरीखाली, चपलांच्या गर्दीत उभे राहिले. मी तेव्हा हिमायतनगरच्या एका वकिलीणबाईंना कांजीवरम दाखवत होते. त्या नि मी एकाच चादरीवर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. बाबांनी ते पाहिलं आणि निघून गेले. संध्याकाळी मी घरी आले तर आमची सगळी गल्ली मला बघून हसत होती. बाबांनी प्रत्येक दारात जाऊन सांगितलं होतं, "माझी लेक गादीवर बसती."

मला तेव्हा त्यांची लाज वाटली. गादीवर बसणं ही काय सांगायची गोष्ट? मग त्यांनी आजोबांचं सांगितलं. परभणीकडच्या आमच्या गावी आजोबांना कुणाच्या ओट्याला टेकायची सोय नव्हती. पाटील रस्त्याने निघाला की उठून उभं राहायचं, तेही स्वतःच्या दारात, स्वतःच्या खाटेवरून. एकदा आजोबांच्या अंगात ताप होता, ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटलाची माणसं आली आणि खाटच उचलून घेऊन गेली. बाबा तेव्हा लहान होते. पुढे ते हैदराबादला आले, शिकले, नोकरीला लागले, पण ती खाट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. आम्हा भावंडांना त्यांचं एकच सांगणं असे, "मायेनं उठावं बाई, भ्यानं उठू नाही."

मग शहराला बरकत आली. शहराबाहेरच्या खडकाळ जमिनी सोन्याच्या भावाने गेल्या, गावोगावची शिकलेली पोरं इथे पगार घ्यायला आली, आणि लग्न हे एका दिवसाचं काम राहिलं नाही. हळदीची साडी वेगळी, मेंदीची वेगळी, रिसेप्शनची तर विचारूच नका. शेठजी वारले. त्यांच्या मुलांनी गल्लीतलं दुकान मोडलं आणि तिकडे पश्चिमेला पाच मजली शोरूम काढलं. सरकता जिना, दारात अत्तर शिंपडणारी मुलगी, सगळं आलं. आम्हा जुन्या बायकांना बरोबर नेलं हे आपले केवढे उपकार, असं ते अजून सांगतात.

तिथे गादी मात्र आली नाही. गिऱ्हाइकाला गुबगुबीत सोफे आले. गिऱ्हाइकाच्या नवऱ्याला वेगळी खोली, तिथे थंड हवा आणि क्रिकेट. आम्ही काचेच्या काउंटरमागे उभ्या. दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत उभ्या, मध्ये जेवायला टेकायचं तेवढंच, तेही तळघरात आणि पाळीपाळीने. काउंटरला रेलायचं नाही, भिंतीला पाठ लावायची नाही, मग समोर गिऱ्हाईक असो की नसो. छतावरचे कॅमेरे रेललेलं माणूस बरोबर टिपायचे आणि खालून मॅनेजरचा फोन यायचा. मॅनेजर तिशीतला, सदा घाईत, जिभेवर साखर. "अक्का, बैठे तो सुस्ती आती. गिराक को अच्छा नै लगता," असं समजावायचा. मी अर्धं आयुष्य गादीवर बसून साड्या विकल्या, आणि हा मला गिऱ्हाईक शिकवतोय! कानामागून आला नि तिखट झाला. त्या दिवसांत माझं डोकं कायम तापलेलं असे आणि पाय कायम सुजलेले.

बसायची वाट आम्ही शोधलीच. काउंटरमागच्या कपाटाची खालची फळी जमिनीला लागून होती. तिथला माल काढायचा तर उकिडवं बसावंच लागे. त्या फळीवर कुणी न घेतलेल्या भडक छापाच्या साड्या कोंबलेल्या असत. आम्ही येईल तिला विचारायला लागलो, "अम्मा, नीचे का माल देखे क्या? भौत अच्छा है." ती हो म्हणाली की खाली बसायचं आणि एक-एक साडी सावकाश वर द्यायची. तेवढाच पोटऱ्यांना आराम. हळूहळू सगळ्याच मजल्यांवरच्या बायका खालचा माल दाखवू लागल्या आणि झालं असं, की तो माल खपला. मालक खूश, मॅनेजर खूश. त्याने सगळ्यांसमोर आमची पाठ थोपटली आणि कौतुकाच्या भरात ठरवलं, एवढा चालणारा माल खाली कशाला, डोळ्यांसमोर ठेवू. खालच्या फळ्या काढून तिथे आरसे बसवले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, त्यातलीच आमची गत झाली.

आरसे बसले तेव्हा माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या पोरीला सहावा महिना लागला होता. ती वारंगळकडची, तेलुगू. मला अक्का म्हणायची, मी तिला बिड्डा म्हणायची. इकडे लेकराला मायेने तसंच म्हणतात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिचा गर्भ टिकला होता, त्याआधी दोनदा पोट पडलं होतं. आता पाय सुजून चपलेत मावेनात. डॉक्टरने बजावलं, उभं राहायचं नाही. तिने मॅनेजरकडे एक स्टूल मागितलं. तो गोड हसला आणि म्हणाला, "घर बैठो ना अम्मा. आराम करो. बच्चा होने के बाद आओ, जगा रही तो देखेंगे."

याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना कळला. घरी बसली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की बाळंतपणाची पगारी रजाही गेली. तिच्या नवऱ्याची टॅक्सी, त्या कमाईचं काही खरं नाही. घरमालकाने भाडं वाढवलेलं, कारण आता त्या भागात मेट्रो आली. रजा मिळेपर्यंत तिला कामावर टिकायला हवं होतं. उभी राहिली तर पोर जायची भीती, बसली तर नोकरी जायची. ती काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहायची आणि गिऱ्हाईक आलं की हात सोडून हसायची. ते हसणं बघून माझं काळीज तुटायचं.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते आता खूप थकलेत. कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झाल्यापासून दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतात आणि कुणी हात दिल्याशिवाय उठत नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि चहा टाक म्हणावं तितक्या सहज म्हणाले, "संघटना करा."

लेकीला हसू आलं. "आजोबा, आता कुठे असतं ते युनियन-बिनियन? आमच्या ऑफिसात तर कुणी नावसुद्धा काढत नाही. लोकांना नोकऱ्या भरपूर आहेत."

"तुझ्या खुर्चीला चाकं हायेत बाई, ध्यानात ठेव," बाबा म्हणाले. पुढे एका दुपारी तिच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, तेव्हा तिने मला फोन करून हे वाक्य पुन्हा ऐकवलं.

आमच्या वस्तीत एक छोटं विहार आहे. त्याच्या सभागृहात आम्ही सुटीच्या दिवशी जमायला लागलो. आमच्या शोरूमच्या बायका, शेजारच्या शोरूमच्या काही. तेलुगू, मुसलमान, मराठी, सगळ्या सतरंजीवर. बाबांना हात धरून आणायचं आणि भिंतीशी खुर्चीत बसवायचं. भिंतीवरच्या तसबिरीखाली तीन आज्ञा मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या आहेत. बाबांनी काठीने त्यातली मधली दाखवली, संघटित व्हा. मराठी वाचता येणाऱ्या आम्ही मोजक्याच, माझ्या लेकीलाही ते एक-एक अक्षर लावत वाचावं लागलं, पण अर्थ सगळ्यांना कळला. ओळखीच्या एका वकीलबाईंनी समजावून सांगितलं, की गरोदर बाईने मागणी केली तर शेवटच्या महिन्यांत तिला तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही, हे कायद्यातच आहे. मग बाकीच्यांना स्टूल का नको, हेही आम्ही अर्जात घातलं. कामगार खात्याचा अधिकारी बघायला येणार असं ठरलं. मला काय करू नि काय नको असं झालं होतं. त्या आठवड्यात मी घरातली सगळी भांडी दोनदा घासली.

अधिकारी येणार त्याच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये स्टुलं आली. स्टीलचे पाय, वर लाल रेक्झिन, खाली पाय ठेवायला आडवी दांडी. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मॅनेजर प्रत्येक काउंटरला जाऊन सांगत होता, "बैठो अक्का, बैठो. साब आए तो बैठकेच रैना." आम्ही विहारात तेच ठरवलं होतं. म्हणजे गंमत बघा, आम्ही बसावं असं संघटनेला वाटत होतं, कायद्याला वाटत होतं आणि त्या एका दिवसापुरतं मालकालाही वाटत होतं.

सकाळी आम्ही बसलो. बसल्या जागी मला ओशाळल्यासारखं होत होतं, हातांचं काय करावं कळेना. मग सरकत्या जिन्यावरून अधिकारी वर आले. पांढरे केस, साधा सदरा, हातात फाईल, घरातल्या एखाद्या मोठ्या काकांसारखे. आणि सगळा मजला उठून उभा राहिला. गुरुजी वर्गात आल्यावर पोरं उठतात तसा, एका झटक्यात. मी केव्हा उठले ते मला कळलंच नाही. माझी बिड्डासुद्धा काउंटर धरून, श्वास रोखून उठली.

"कूर्चोंडम्मा, कूर्चोंडी," ते म्हणाले, म्हणजे बसा बायांनो, बसा. पण मोठं माणूस समोर उभं आहे आणि आपण बसायचं कसं? आम्ही एकमेकींकडे बघत उभ्याच. मॅनेजर आधी गांगरला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने हात जोडले. "साब, आपीच देखो. हम तो दिए. ये लोगां खुदीच नै बैठते. आदत है इनकू." अधिकारी हसले. फाईलमध्ये काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी सगळी स्टुलं नवऱ्यांच्या खोलीत गेली, क्रिकेट बघणाऱ्यांना पाय ठेवायला. आणि माझ्या बिड्डाला मॅनेजर म्हणाला, "कल तो कितना आराम से खड़े हुए आप. फिर क्या तकलीफ है?"

ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मी बाहेर दाराला हात लावून उभी होते आणि मला स्वतःच्या पायांचा राग येत होता.

घरी बाबांनी विचारलं, "उठा असं कोन म्हनलं?"

"कुणी नाही."

"मंग?"

"मंग काय मंग! उठलो! तुम्ही असता तर तुम्हीपण उठला असता!" मी वयाच्या पन्नाशीला आलेली बाई, बापावर ओरडले. लेक आतून बाहेर आली.

बाबा चिडले नाहीत. "सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाई," म्हणाले. "पाटील मेला, गाव सुटलं, खाट बी गेली. पाय तेच राह्यले." मग थोड्या वेळाने, "तालीम करावी लागंल."

मला वाटलं म्हातारपणाचं काहीतरी बोलतायत. पण पुढच्या सुटीच्या दिवशी त्यांनी खरंच तालीम लावली. वकीलबाईंनी पुन्हा पाहणी करायला लावली होती, या वेळी खास त्या गरोदर पोरीसाठी. बाबांनी आम्हाला घराघरातून स्टुलं, लाकडी खुर्च्या, जे मिळेल ते आणायला लावलं. आम्ही ओळीने बसलो. ते स्वतः अधिकारी झाले. खिशाला पेन अडकवलं, माझ्या लेकीचा हात धरला आणि दारातून आत आले. आत आल्याबरोबर आम्ही सगळ्या उठलो.

"बसा!" बाबा ओरडले.

दुसऱ्यांदा आले. पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा निम्म्या उठल्या आणि उरलेल्या त्यांना बघून उठल्या. हसून हसून पोट दुखायला लागलं, पण बाबा हसेनात. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, वरच्या मजल्यावरच्या खाला, म्हणजे मावशी, त्यांना म्हणाल्या, "अब्बा, आप बुजुर्ग हैं. आपके सामने बैठे तो गुनाह लगता."

बाबांनी दम घेतला. लेकीने त्यांना खुर्ची दिली तर तिला बाजूला सारलं. "ऐका," म्हणाले, त्यांच्या त्या मराठी-दक्खनीच्या मिसळीत. "मैं बाप बनके आया तो उठो. आशीर्वाद देऊंगा. मैं साब बनके आया तो नक्को उठो. साब तुमकू बैठे हुए देखने आया. तुम उठे तो वो देखेगा क्या?"

मग त्यांनी दोन तऱ्हांनी यायला सुरुवात केली. कधी काठी टेकत, वाकून, आमचे बाप म्हणून. कधी खिशाला पेन लावून, पोट पुढे काढून, साहेब म्हणून. बाप आला की उठायचं, साहेब आला की बसून राहायचं. बाप यायचा तेव्हा आम्ही इतक्या मजेने उठायचो की काय सांगू. साहेब यायचा तेव्हा बूड आपोआप वर यायचं. माझ्याच्याने तर होईना. मग खालांनी युक्ती काढली. त्या म्हणाल्या, पाय स्टुलाच्या दांडीच्या मागे अडकवा, घट्ट. अंग उठू म्हणेल, पण पाय सुटायच्या आत तुम्हाला आठवेल. आम्ही पाय अडकवून बसलो. साहेब आला. स्टुलं किरकिरली, हलली, पण कुणी उठलं नाही. बाबा खोलीभर फिरले, एकेकीच्या तोंडाकडे बघत. माझ्यासमोर आले तेव्हा मी मान खाली घातली. त्यांनी काठीने माझी हनुवटी वर केली.

दुसऱ्या पाहणीच्या दिवशी मॅनेजर निर्धास्त होता. त्यानेच नवऱ्यांच्या खोलीतून स्टुलं काढून आणवली, पुसून घेतली, प्रत्येकीला हसून म्हणाला, "बैठो अक्का." त्याला माहीत होतं आम्ही काय करणार. आम्ही पाय दांडीमागे अडकवले. माझ्या बिड्डाला पाय अडकवायची गरज नव्हती, आठव्या महिन्यात तिला आता कुणी हात दिल्याशिवाय उठताच येत नव्हतं, तरी तिने अडकवले.

तेच अधिकारी जिन्याने वर आले. आमचा मजला हलला नाही. खरं सांगते, माझं सगळं अंग उठलं होतं. पाठ ताठ झाली, हातांनी काउंटर धरला, स्टूल सरकून फरशीवर कर्कश्श वाजलं. फक्त पाय अडकलेले होते म्हणून मी खाली राहिले. मला वाटलं आता कुणीतरी उठेल, एक उठली की सगळ्या उठतील आणि संपलं.

मॅनेजरचं हसू थोडं आकसलं. त्याने खाकरून म्हटलं, "साब आए हैं."

कुणी उठलं नाही. अधिकारी थांबले. त्यांना ते आवडलं नाही, हे स्पष्ट दिसलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी लोक उठतात त्याला न उठलेली माणसं लगेच दिसतात. ते माझ्याजवळ आले, त्या मजल्यावर मी सगळ्यांत मोठी दिसत होते म्हणून असेल. "क्या अम्मा, तबीयत ठीक नहीं है?"

मी बसल्या जागी हात जोडले. "तबीयत ठीक है साब," मी म्हणाले. "बैठे हैं."

त्यांनी मग शेजारी माझ्या बिड्डाकडे बघितलं. ती दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती, कपाळावर घाम, नजर समोर. त्यांनी तिला तेलुगूत विचारलं, रोज बसायला मिळतं का? ती म्हणाली, आज मिळालं सार, मागे तुम्ही आलात तेव्हा मिळालं होतं, मधे नाही. इतकंच. त्यांनी मॅनेजरकडे वळून पाहिलं आणि फाईल उघडली. या वेळी चहा घेतला नाही.

पुढचं सांगून टाकते. स्टुलं राहिली. काउंटरला एक, आणि समोर गिऱ्हाईक नसेल तेव्हाच बसायचं, असा मालकांचा नियम आला. गिऱ्हाईक नसण्याचा क्षण कुठला, यावर मॅनेजरशी रोज वाद होतो. संघटनेची नोंदणी झाली, पण खालांना शाखा बदलून लांब टाकलं आणि त्यांना दोन बस बदलाव्या लागतात. तो राग माझ्या मनातून जात नाही. माझ्या बिड्डाला रजा मिळाली, पगारासकट. मुलगी झाली. तिच्या पायांवरची सूज उतरल्याचा फोटो तिने मला आधी पाठवला आणि बाळाचा नंतर.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं. मी कामावरून निघाले, मेट्रोत जागा होती तरी दाराशी उभी राहिले, गल्लीत जवळजवळ पळतच शिरले. उजेड होता अजून. बाबा दारात खुर्चीत होते. मी लांबूनच ओरडले, "बाबा, कुणीच उठलं नाही! बसून राहिलो!"

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले आणि उठायला लागले. "अहो काय करताय? पडाल! बसा!" मी धावले. त्यांनी मान हलवली. तोंड वेडंवाकडं झालं होतं, पण ते कुणाचा हात न घेता उभे राहिले. माझ्यासाठी. मी पोहोचले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. मला एवढंच सुचलं, की आधी त्यांना बसवावं.

"तू बस," ते म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली.

दारात, सगळ्या गल्लीसमोर, बाप उभा आणि मी बसलेली. मी बसले. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, त्यांचं अर्धं वजन त्या हातावर. खाली माझे पाय सवयीने अडकवायला दांडी शोधत होते. प्लास्टिकच्या खुर्चीला दांडी नसते. तरी मी उठले नाही.